पान क्रमांक एक्केचाळीस

आमच्या घरात माणसं तीन आणि पासपोर्ट दोन देशांचे. नवरा आणि मुलगी ऑस्ट्रेलियन, मी अजून भारतीय. सिडनीच्या विमानतळावर ती दोघं यंत्रापुढे चेहरा धरतात, फाटक उघडतं आणि पलीकडे जाऊन ती माझ्याकडे बघत उभी राहतात. मी माणसांच्या रांगेत. नवऱ्याचं म्हणणं, मला निर्णय घेता येत नाहीत. माझं म्हणणं, निर्णय मी घेतलेला आहे, फक्त त्याला तो आवडलेला नाही. भारतीय पासपोर्ट का सोडवत नाही हे मला विचारलं तर धड सांगता येत नाही, आणि सांगता आलं नाही की मला राग येतो, म्हणून तो विषय आमच्याकडे फारसा निघत नाही.

पण त्यामुळे दर पाच वर्षांनी एक काम माझ्या एकटीच्या मागे लागतं. इथली पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली की माणूस इथे जन्मभर राहू शकतो. देशाबाहेर जाऊन परत यायची परवानगी मात्र पाचच वर्षांची असते. ती संपली तरी घरात बसायला कोणाची ना नाही, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मागचं लॅच लागलंच समजा. मग त्या परतीच्या व्हिसाचं नूतनीकरण करायचं, आणि त्यासाठी मागच्या पाच वर्षांतली दोन वर्षं इथे काढलेली असावी लागतात. पहिल्या खेपेला मी कुकर लावून अर्ज भरायला बसले होते आणि तिसरी शिट्टी व्हायच्या आत उत्तर आलं होतं. इतकं सोपं काम आयुष्यात फार थोडं केलंय, आणि त्याचा मी चारचौघांत जरा टेंभाही मिरवला.

दुसरी खेप वेगळी होती. मधल्या काळात आईला पक्षाघात झाला. बाबांचं आणि तिचं घर सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आणि मी त्यांची एकुलती एक. पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले आणि तीन वर्षं दोन महिने राहिले. मुलगी तेव्हा इयर एटमध्ये होती. मधे दोन-तीनदा इथे सिडनीत, टूनगॅबीच्या घरी, येऊन गेले तर दर वेळी ती दाराच्या चौकटीत आणखी थोडी वर पोचलेली. तिथे असले की इथल्या मुलीचा अपराध वाटायचा आणि इथे आले की तिथल्या आईचा. आई गेली, दिवसवार झाले आणि मी परत आले. तोवर मुलगी इयर ट्वेल्व्हच्या तोंडावर होती आणि नवऱ्याला पोळ्या येऊ लागल्या होत्या. गोल नाही, पण येऊ लागल्या होत्या.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना ते कुठे राहतात, कोणाचे कोण लागतात आणि जिवंत आहेत की नाहीत याचे दाखले दिले. आमच्या घरी किराणाच्या यादीलाही जावक क्रमांक असायचा अशी आई थट्टा करायची, आणि ती थट्टाच होती असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. खोटा दाखला मात्र त्यांच्या टेबलावरून कधी गेला नाही. माझ्या सख्ख्या मामाला मुलाच्या प्रवेशासाठी आमच्या तालुक्याचा रहिवासी दाखला हवा होता. बाबांनी त्याला चहा दिला, पोहे दिले, दाखला दिला नाही. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

अशा माणसाला मुलीची पर्मनंट रेसिडेन्सी दाखवायची तर काय दाखवणार? पासपोर्टात पूर्वी चिकटवायचे तसलं लेबल आता नसतं, सगळं संगणकात. मला पीआर मिळाली तेव्हा बाबांनी पासपोर्टाची पानं पुढून मागून उलटली आणि विचारलं, “शिक्का कुठाय?”

“शिक्का नसतो बाबा. त्यांच्या सिस्टीममध्ये नोंद असते.”

“म्हणजे उद्या त्यांची वीज गेली तर तू कोण?”



तर, परत आल्यावर पाचेक महिन्यांनी नवऱ्याने एक्सेल उघडून माझे दिवस मोजले. मागच्या पाच वर्षांत सातशे तीस दिवस भरायला हवे होते, भरले सहाशे एकाहत्तर. एकोणसाठ कमी. दिवस कमी असले तर इथलं घर, नवरा, मुलगी असं सगळं दाखवून मागता येतं, पण मग तिसऱ्या शिट्टीच्या आत उत्तर येत नाही. आणि जुना व्हिसा संपत आलेला होता. मला घाई होती ती आईच्या वर्षश्राद्धाची. ते पाच महिन्यांवर आलं होतं. व्हिसा आला नाही तर दोनच गोष्टी शक्य होत्या. न जाणं, म्हणजे त्या दिवशी बाबा पाटावर एकटे. किंवा तसंच जाणं, म्हणजे मागचं दार बंद आणि मुलीची परीक्षा मी व्हिडिओ कॉलवर बघणार. एकदा तिची तीन वर्षं तशी बघून झाली होती.

नवरा म्हणाला, “नो वरीज. तू तिथे का राहिलीस याचे मेडिकल पेपर लावू. मी बाबांकडून मागवतो.”

बाबांना काम मिळालं याचा आनंद त्यांनी झेरॉक्सवाल्याला दिवसभर धारेवर धरून साजरा केला असावा. चौसष्ट पानांची पीडीएफ आली. वर हाताने लिहिलेली अनुक्रमणिका, प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईत क्रमांक, प्रत्येक पानावर ‘मूळ प्रतीबरहुकूम’ आणि सही. नवऱ्याने लंच ब्रेकमध्ये ती सगळीच्या सगळी अर्जाला जोडली. “बाबांच्या फाईलमध्ये काय तपासायचंय?” तो म्हणाला. मीही बघितली नाही. त्याला निदान घाईचं निमित्त होतं. मला आईच्या कागदांवरचं तिचं वय, वजन, रोजचं बीपी पुन्हा बघायचं नव्हतं.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. मी एका लॅबमध्ये काम करते. चहाच्या सुट्टीत फोनवर ते उघडलं आणि पुढची वीस मिनिटं कोणाचं रक्त कुठल्या खणात ठेवलं ते मला आठवत नाही, पण बरोबर ठेवलं असणार, कारण कोणाची तक्रार आली नाही. पत्राची भाषा अतिशय सभ्य होती. आपण जोडलेल्या कागदांपैकी पान क्रमांक एक्केचाळीसनुसार आपण भारतातल्या अमुक गावी कायमच्या राहता असं दिसतं. तरी आपण नक्की कुठे राहता याचा खुलासा अठ्ठावीस दिवसांत करावा.

घरी येऊन पान एक्केचाळीस काढलं. आईच्या शेवटच्या डिस्चार्ज कार्डाच्या मागे, तिच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पुढे, तलाठ्याच्या सहीशिक्क्याचा रहिवासी दाखला होता. माझ्या नावाचा. ‘सदर व्यक्ती येथील कायम रहिवासी असून गेली तीन वर्षे दोन महिने आपल्या वडिलांचे घरी वास्तव्यास आहे, सबब दाखला दिला असे.’ आणि परदेशातल्या साहेबाला वाचता यावा म्हणून त्याच्या खालीच कोर्टाच्या आवारातल्या वकिलाने केलेलं स्वच्छ इंग्रजी भाषांतर, लाल सीलसकट. हॉस्पिटलची इंग्रजी कागदपत्रं डॉक्टरांच्या अक्षरामुळे एकही वाचता येत नव्हतं. चौसष्ट पानांत वाचता येण्यासारखं पान हे एकच होतं.

जोडलेला कागद अर्जातून काढता येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

नवरा आधी हसला. मग माझ्याकडे बघून थांबला. मुलीने पत्र वाचलं, दाखला वाचला, आणि शांतपणे विचारलं, “वेट. आजोबांनी तुला डिपोर्ट केलं?”

शनिवारी सकाळी आम्ही हॅरिस पार्क भागातल्या एका व्हिसा एजंटाकडे गेलो. मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस, त्यामुळे लोकांच्या आयुष्यातले सगळे कठीण प्रसंग तिथे जिलबीच्या वासात पार पडतात. त्याने दाखला पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला.

“दीदी,” तो म्हणाला, “लोग पेपर कम लगाते हैं. आपने तो उल्टा पेपर लगा दिया.”

मग त्याने उपाय सांगितला. वडील वयस्कर आहेत, त्यांना काही समजत नाही, त्यांनी चुकून हा कागद काढला, तो ग्राह्य धरू नये, एवढं लिहून द्यायचं. “पापा बुजुर्ग हैं, गलती हो गई, बस. वो लोग समझ जाएँगे.”

उपाय चांगला होता. नवऱ्याने मान डोलावली. मी मात्र खुर्चीत ताठ झाले. चौतीस वर्षांत ज्या माणसाच्या हातून एक दाखला चुकीचा गेला नाही, त्याच्याबद्दल मी ऑस्ट्रेलियाच्या सरकारला लेखी कळवायचं की त्यांना काही समजत नाही? मामाला पोहे खाऊन हात हलवत परत जावं लागलं होतं, ते काय यासाठी?

ट्रेनमध्ये नवरा हळूच म्हणाला, “एक विचारू? बाबांनी मुद्दाम तर नसेल केलं?”

मी त्याच्यावर इतकी भडकले की समोरच्या बाईंनी कानातले इअरफोन नीट बसवले. पण भडकायचं खरं कारण असं की तोच प्रश्न मला दोन दिवस आतून पोखरत होता. दाखल्यावरची तारीख मी पाहिली होती. मी निघून आल्यावर आठ दिवसांतली. तेव्हा आमचा अर्जही नव्हता आणि नवऱ्याने कागदही मागवले नव्हते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, घरात एकटे. मुलगी कायम आपल्याच घरी राहते असं कागदावर आणावंसं त्यांना वाटलं असेल, तर मी त्यांना काय म्हणणार होते? आणि असं वाटणं जर चूक नसेल, तर मी तिथून आले ती चूक होती का?

फोन मी रोज करायचे, इथली दुपार आणि तिथली सकाळ साधून. त्या दिवशी चांगली खडसावायची तयारी करून बसले होते. बाबा म्हणाले, “काय, शिक्का मिळाला का?”

“नाही अजून. चालू आहे काम.”

“प्रलंबित,” बाबा समाधानाने म्हणाले. सरकारं सगळी सारखीच असतात हे कळल्याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. एक्केचाळीस नंबरच्या पानाबद्दल विचारायला माझी जीभ रेटली नाही. मी भाजी कुठली केली ते विचारलं आणि फोन ठेवला.

खुलासा शेवटी मीच लिहिला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. एजंटाचा नमुना बाजूला ठेवला. मी लिहिलं की दाखला खरा आहे. माझी आई आजारी होती, तिची काळजी घ्यायला मी तीन वर्षं दोन महिने त्या घरात राहिले, आणि दाखला त्याच राहण्याचा आहे. माझे वडील असे दाखले देण्याचंच काम करत होते आणि त्यांनी कधी खोटा दिला नाही. माझा नवरा आणि मुलगी टूनगॅबीत राहतात आणि मी त्यांच्याबरोबर राहते. आई आता नाही, त्यामुळे तिथे राहण्याची मला गरज उरलेली नाही.

ते शेवटचं वाक्य इंग्रजीत लिहायला सोपं गेलं. मराठीत मला ते जमलं नसतं. लिहून झाल्यावर मी उठले आणि सिंकमधली भांडी घासली. डिशवॉशर होता, तरी हाताने घासली.

नवऱ्याला त्यात सुधारणा करायच्या होत्या. त्याला ‘सब्स्टॅन्शियल टाइज’ वगैरे कायद्याचे शब्द घालायचे होते. मुलीने लॅपटॉप त्याच्यासमोरून उचलला, उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली, “बाबा, डोन्ट टच इट.” आणि तिनेच बटण दाबून ते पाठवलं.

व्हिसा आला तेव्हा वर्षश्राद्धाला दहा दिवस उरले होते. एका वर्षाचा, पाच नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, पण एकदम सगळा ठेवायची त्यांची तयारी नव्हती. रागवायला मला फुरसत नव्हती, आणि खरं तर जागाही नव्हती. मी ते पत्र जाड कागदावर छापून घेतलं, दोन प्रतींत. एक बाबांसाठी.

गावी पोचले, श्राद्ध झालं. बाबा पाटावर बसले, मी शेजारी. गुरुजींनी सांगितलेलं सगळं बाबा त्यांच्या आधी अर्धा क्षण करत होते, जणू गुरुजींचंच काम तपासत होते. जेवणं उरकून मंडळी गेल्यावर त्यांनी भिंग मागितलं आणि पत्र वाचायला घेतलं. दोन्ही बाजूंनी वाचलं. दुसरी बाजू कोरी होती.

“सही नाही.”

“संगणकीय आहे बाबा. सहीची आवश्यकता नाही असं लिहिलंय.”

“ते आपल्याकडेही लिहितात,” बाबा म्हणाले. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मग मी विचारलंच. पान एक्केचाळीसवरून काय काय झालं ते सगळं सांगितलं, एजंटासकट. बाबा ऐकत होते. मधे एकदा म्हणाले, “जिलबीच्या दुकानावर ऑफिस?” ते त्यांना सगळ्यात जास्त खटकलं.

“‘कायम’ हा शब्द छापील आहे,” शेवटी ते म्हणाले. “मी तलाठ्याला म्हटलं, हा खोडा, फक्त मुदत लिहा. पण छापील मजकुरात खोडाखोड झाली की दाखला बाद होतो. त्याचंही बरोबर होतं.”

“पण काढलात कशासाठी? कोणी मागितला नव्हता.”

बाबांनी भिंग धोतराच्या सोग्याने पुसलं. “तू गेल्यावर मी सगळे कागद लावायला बसलो. हॉस्पिटलच्या कागदांवर नाव तुझ्या आईचं. सह्या माझ्या. रेशनकार्डावरून तुझं नाव तर लग्नातच कमी केलं. तीन वर्षं दोन महिने तू तिचं सगळं केलंस आणि त्याचा कागद या घरात एकही नाही. मी कुठून दाखवू की तू होतीस? म्हणून गेलो, रांगेत उभा राहिलो, नोंद करून आलो. आणि तिच्या कागदांत लावला. तिचं शेवटचं कार्ड आणि तिचा दाखला, यांच्या मधे. तुझी जागा तीच होती.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. त्यांना रडणारी माणसं नवीन नव्हती, कचेरीत रोज येत.

थोड्या वेळाने त्यांनी खिशातून एक पाठकोरा कागद काढला. लग्नपत्रिकेची मागची बाजू. त्यावर बारीक अक्षरांत आकड्यांच्या उतरंडी होत्या. नवऱ्याने एक्सेलमध्ये केलेला हिशेब बाबांनी पेन्सिलीने केला होता, आणि पुढे नेला होता.

“तुमचा तो पाच वर्षांचा काळ रोज पुढे सरकतो,” ते म्हणाले. “त्यामुळे आत्ता तुला पुढून एक दिवस मिळतो आणि मागून एक जातो. आकडा हलत नाही. तू आईसाठी इथे आलीस ती तारीख त्या काळाच्या मागे पडली की मग तो वाढायला लागेल. तिथून एकोणसाठ दिवस, अधिक या फेरीचे एकवीस. मी तीनदा मोजलं. आजपासून सव्वा वर्ष. तेवढं भर, म्हणजे पूर्ण पाच वर्षांचा मागता येईल. असा तुकड्या तुकड्यांचा नको.”

“सव्वा वर्ष म्हणजे...”

“सव्वा वर्ष इकडे यायचं नाही. पुढच्या वर्षीच्या श्राद्धाला नाही. मला बरं नाही असं कोणी कळवलं तरी नाही. पोरीची परीक्षा आहे. तू तिथली आहेस तर तिथले दिवस पुरे कर.”

मी म्हटलं, “आणि तुम्ही?”

“मी कुठे जातोय? माझा दाखला कायमचा आहे. आणि त्यातला ‘कायम’ खोडायला मी काही सांगितलेलं नाही.”

मग त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिल नाही, पेन दिलं. खाली रेघ मारलेली होती.

“वाचलं, समजलं, असं लिही आणि सही कर.”

मी लिहिलं आणि सही केली. तारीख घालायची राहिली होती, ती त्यांनी घातली.